हे आपलं नाही

हँड्सवर्थ, बर्मिंगहॅम
१२ जानेवारी २०२५

दादा,

त्या जयंतीला भर कार्यक्रमात तुझ्या अ‍ॅम्पचा प्लग खेचून बाबा माइकवर ‘हे आपलं नाही’ म्हणाले, ते नेमकं कशाला म्हणाले? सहा वर्षं होत आली, मला उत्तर माहीत नाही. तुला ते माहीत आहे असं तुला वाटतं, म्हणून तू ग्लासगोला आहेस.

आता बाबांना विचारूनही उपयोग नाही. नोव्हेंबरमध्ये त्यांना स्ट्रोक झाला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. बोलणंही गेलं. ऐकू येतं, बरंचसं समजतं, पण शब्द सापडत नाहीत असं डॉक्टर म्हणतात. दोन शब्द उरले आहेत, ‘बरं’ आणि ‘नाही’. त्यातही जास्त करून ‘बरं’. चहा हवा का विचारलं तर बरं. दुखतंय का विचारलं तरी बरं.

तुझा नंबर लागत नाही. आईच्या वाढदिवसाला तू कार्ड पाठवतोस त्यावर पत्ता असतो, तोच वापरते आहे. आई म्हणाली, त्याला कळवू नकोस, आपण बोलावतोय असं वाटेल त्याला. मी बोलावत नाही, कळवते आहे. आणि मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजीत लिहायला बसले की मी हॉस्पिटलला ईमेल केल्यासारखं लिहिते. बाबांनी दर रविवारी आपल्याला बसवून गिरवून घेतलं त्याचा हा उपयोग.

बाबांचा बेड पुढच्या खोलीत लावला आहे. त्यासाठी सोफा मागच्या शेडमध्ये न्यावा लागला आणि सोफ्याला जागा करताना तुझा अ‍ॅम्प सापडला. ताडपत्रीखाली होता. गिटार केसमध्ये आहे, तारा गंजल्या आहेत. गिटारच्या आवाजात खरखर आणणारं तुझं राखाडी फझ पेडल बिस्किटांच्या डब्यात होतं. बाबांचं निळं जाकीट पण तिथेच खुंटीला होतं, आईने एक खिसा कापून टाकलेलं. ते मी धुवायला टाकलं.

तुला हे सगळं लिहिण्याचं कारण वेगळं आहे. स्पीच थेरपिस्ट म्हणाली की त्यांच्या ओळखीचे आवाज ऐकवत जा. मी आईचे फोन ऐकवले, ते चालवायचे त्या बसची बेल ऐकवली, बुद्धवंदना ऐकवली. बाबा ऐकून घेत होते, एवढंच. मग तुझी ती क्लिप लावली, २०१८च्या जयंतीची, जिच्याखाली गिटारवाल्या लोकांनी अजून विचारणं सोडलेलं नाही की हा लीड गिटारचा आवाज कसा काढला. तू सतरा वर्षांचा असल्यापासून तुला तो आवाज हवा होता, सत्तरच्या दशकातल्या रेकॉर्डवरचा. एक सूर धरला की विझण्याऐवजी फुलत जाणारा, कडा गोल, आत थोडी खरखर. मी शेडमध्ये टॉर्च धरून उभी असायचे आणि तू म्हणायचास, ‘हा नाही. हा पण नाही.’ घरी तो कधी लागलाच नाही. कार्यक्रमात मात्र दर वेळी लागायचा. हॉलची वीज चांगली आहे, असं तू म्हणायचास.

क्लिपमध्ये तुझा लीड सुरू झाला आणि बाबांचा डावा हात ब्लँकेटवर हलला. पखवाजावर पडायचा तसा, पंजा उघडा ठेवून. क्लिप चाळीस सेकंदांत संपते. संपली की हातही थांबला. मी ती किती वेळा लावली ते सांगत नाही. शेवटी शेवटी हात हलेनासा झाला. फोनचा आवाज तो किती.

म्हणून तो आवाज इथे, खोलीत, खराखुरा काढायचा आहे. तुझ्या अ‍ॅम्पवर. तुझी बटणं कुठे असायची ते लिहून पाठव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

मी सध्या घरीच असते.

आणखी एक. शशिधर काका अजून दर वर्षी स्टेजवरून आपल्या गाण्याच्या ग्रुपमधल्या सगळ्यांची नावं वाचतात आणि शेवटी म्हणतात, ‘लीड गिटार, प्रबुद्ध काशीनाथ वानखेडे, काही कारणाने येऊ शकले नाहीत.’ लॉकडाउनची वर्षं सोडली तर दर वर्षी. तेवढा वेळ बाबा खाली बघून, सूर लावत असल्यासारखे, पखवाजाचे लाकडी गट्टे ठोकत बसायचे. तुला हे माहीत नसेल म्हणून लिहिलं.

रचना


२ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर आलं नाही, तरी मी अ‍ॅम्प सुरू केला आहे.

स्टर्चलीत एकजण जुने अ‍ॅम्प दुरुस्त करतो, त्याच्याकडे नेला. त्याने दोन व्हॉल्व्ह आणि फुगलेले कपॅसिटर बदलले. स्पीकर नवा टाकू का विचारत होता, मी नाही म्हटलं. क्लिपमध्ये हाच स्पीकर होता, तेव्हा हाच राहू दे. पद्धत अशी की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकीचं होतं तसं ठेवायचं. कॉलेजात शिकलेलं एवढं तरी वापरायला मिळालं. मागून हात घालून धूळ पुसली तेव्हा स्पीकरच्या कागदी कोनावर वरच्या बाजूला एक फिकट गोल डाग दिसला, पुरीएवढा. ओल लागली असेल. कागद फाटलेला नाही.

गिटारला नव्या तारा लावल्या. फझ पेडलमधले ते जुने ट्रान्झिस्टर थंडीत रुसतात, तू पेडल काखेत धरून बसायचास ते आठवलं. मी ते रेडिएटरवर ठेवते. तुझा तुकडा क्लिपवरून बसवला. बोटं दुखतात, पण येतो. व्हॉल्व्ह तापले की मागून नारिंगी उजेड पडतो, तो बाबांना बेडवरून दिसतो.

आवाज मात्र तो नाही. पत्र्यावर खिळा ओढावा तसा आहे. पहिल्या दिवशी मी तुकडा पूर्ण वाजवला. बाबांनी डोळे मिटून घेतले, मग उघडले आणि म्हणाले, ‘कणीक.’

दोन महिन्यांत तिसरा शब्द. आई स्वयंपाकघरातून धावत आली, ओल्या हातांनी. परत म्हणा, म्हणाली. ते परत म्हणाले. आई रडायला लागली आणि म्हणाली, ‘अहो, भूक लागली होय? आता करते गरम गरम.’ मी तिथेच गिटार घेऊन उभी होते. मला रडू आलं नाही. मला हल्ली काही येत नाही, पण ते जाऊ दे.

आईने पोळ्या केल्या, तुकडे दुधात कुस्करले. बाबांनी डाव्या हाताने वाटी सरकवली आणि ‘नाही’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी वाजवलं, पुन्हा ‘कणीक’, पुन्हा पोळ्या, पुन्हा ‘नाही’. थेरपिस्टने बेडवरच्या पांढऱ्या बोर्डावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहून ठेवलं आहे की कणीक म्हणजे भूक. केअरर बाई दिवसातून दोनदा येते, ती पण आता विचारते, ‘कानिक, मिस्टर के?’ बाबा म्हणतात, ‘बरं.’ मग तिला वाटतं भूक आहे. शेजारच्या जमैकन आजींना आम्ही रोज पोळ्या देतो. त्या म्हणतात, तुमच्याकडे लग्न आहे का.

आईचं म्हणणं आहे, त्यांना सांगून टाकू की प्रबुद्ध येतोय, म्हणजे जरा शांत होतील. मी नाही म्हटलं. रोज सकाळी आम्ही बाबांजवळ बसून पंचशील म्हणतो. ‘मुसावादा’ आला की मी आईकडे बघते. खोटं न बोलण्याचं शील रोज म्हणायचं आणि बाबांना हे सांगायचं, हे माझ्याने होणार नाही. आई म्हणते, तू पुस्तकातली आहेस.

बटणं कुठे असायची, एवढंच हवं आहे.

रचना


९ मार्च

दादा,

तुझं कार्ड मिळालं. पाच ओळी. ट्रेबल, मिडल, बास, गिटारचा टोन नॉब, आणि पाचवी ओळ, ‘तसा आवाज मलाही परत कधी मिळाला नाही.’ बाबांबद्दल काही नाही. मी कार्ड उलटूनही पाहिलं. मागे ग्लासगोच्या पुलाचं चित्र आहे.

बटणं तू लिहिलीस तिथे ठेवली. आवाज आणखी वाईट झाला. ट्रेबल एवढी वर असते हे वाचून मला आधी वाटलं तू माझी थट्टा करतोस. पण तू थट्टा करायला पत्र लिहिणार नाहीस.

काल शशिधर काका वुल्व्हरहॅम्प्टनहून आले. येताना पखवाज घेऊन आले, कारण आईने फोनवर त्यांना पोळ्यांचं सगळं सांगितलं होतं. काकांना ते ऐकताक्षणी समजलं, असं त्यांना वाटलं. दारातूनच म्हणाले, ‘गिरिजावहिनी, तुम्ही पण कमाल करता. वाजवणाऱ्या माणसाला कणीक कशाला लागते? खायला?’ आई कपाळावर हात मारून खाली बसली. मलाही ते आधी का सुचलं नाही माहीत नाही. प्रत्येक कार्यक्रमाआधी तिने कणीक बांधून दिली आहे, बाबा स्टेजमागे ती पाण्याने सारखी करून पखवाजाच्या डाव्या अंगाला थापायचे, म्हणजे तो घुमतो. पण पखवाज काकांच्या नातीला देऊन टाकला त्याला वर्ष होत आलं आणि या घरात कणीक परत फक्त पोळ्यांची झाली.

तर आईने कणीक मळली. काकांनी पखवाज बाबांच्या डाव्या हाताशी आणला, कणीक थापली आणि बाबांचा हात त्यावर ठेवला. बाबांनी एक थाप मारली. चांगली पडली. काका म्हणाले, ‘अरे वा, काशीनाथ, अर्धा तर अर्धा, पण आहेस अजून.’ बाबा हसले, तोंडाच्या एका बाजूने. आम्हा सगळ्यांना वाटलं की झालं.

मग काका म्हणाले, पोरी, तूही वाजव की तुझं ते. मी वाजवलं. दुसऱ्याच सुराला बाबांनी पखवाजावरचा हात उचलला आणि म्हणाले, ‘नाही. कणीक.’ माझ्या पाठीमागे बघत होते. मागे अ‍ॅम्प होता. काकांनी बाबांकडे पाहिलं, अ‍ॅम्पकडे पाहिलं, आणि म्हणाले, ‘काय रे, त्या डब्याला पण लावू का आता कणीक?’

काका थट्टेनेच म्हणाले होते. आई हसायला लागली होती. बाबा म्हणाले नाहीत ‘बरं’. त्यांनी डावा हात उचलून, काही नसलेल्या जागी, वरच्या अंगाला, अंगठ्याने काहीतरी दाबून बसवलं. दोनदा.

मी अ‍ॅम्प वळवला आणि मागून आत पाहिलं. तो फिकट डाग स्पीकरच्या वरच्या बाजूला आहे, फ्रेमच्या आड. तिथे हात जातो, नजर जात नाही. नखाने खरवडलं तर पांढरी पूड निघाली. ओल नव्हती ती.

काका चहा न घेता बसून राहिले होते. मग आई म्हणाली, ‘दोन गोळे न्यायचे ते. नेहमी दोन. मी म्हणायचे, पखवाजाला एवढी कणीक लागते होय? तर म्हणायचे, असू दे.’

अजून लावून पाहिलेली नाही. आधी तुला लिहिलं.

रचना


१६ मार्च

दादा,

लावून पाहिली.

आईने कणीक मळली, पखवाजाला मळते तशी घट्ट. मी डागाच्या जागी लिंबाएवढी थापली. वाजवून पाहिलं, मग थोडी वाढवली, मग थोडी काढली. तुझी बटणं तू लिहिली होतीस तिथेच होती.

तोच आवाज आहे.

कारण साधं आहे. कोनावर वजन आलं की तो वरचे सूर पटपट फेकू शकत नाही. किंचाळी तिथेच बसते आणि खालचं भरून येतं. म्हणून तुला ट्रेबल तेवढी वर न्यावी लागायची. तू त्या वजनाविरुद्ध बटणं फिरवत होतास आणि तुला माहीत नव्हतं. घरी आवाज लागायचा नाही, कारण घरी कणीक नसायची. कार्यक्रम संपला की अ‍ॅम्प व्हॅनमध्ये बाबाच चढवायचे, तुला हात लावू द्यायचे नाहीत. तुझ्यावर भरवसा नाही म्हणून, असं तू म्हणायचास. खरवडून काढायला त्यांना तेवढाच वेळ मिळत असेल.

मी कारणं शोधून काढणारी मुलगी आहे. घरातली पहिली ग्रॅज्युएट, फिजिक्सची. कारण सापडलं की प्रश्न सुटतो असं मी शाळेतल्या मुलांना सांगणार होते. हे कारण सापडलं आहे आणि मी ते वहीत लिहिल्यासारखं तुला लिहिते आहे, आणि मला काहीही वाटत नाही. वाटेल म्हणून थांबले होते चार दिवस.

आता त्या दिवसाबद्दल. तू आदल्या रात्री मँचेस्टरला वाजवायला गेला होतास आणि तिथून थेट हॉलवर आलास, उशिरा. अ‍ॅम्प गाडीतून काढून सरळ स्टेजवर लावलास. ग्रुप बसलेला होता, बाबा पखवाज घेऊन पुढे. त्यांना उठून मागे जाता आलं नसणार. त्या कार्यक्रमानंतर काही दिवसांनी आईला निळ्या जाकिटाच्या खिशात वाळून दगड झालेला कणकेचा गोळा सापडला. अस्तराला असा चिकटला होता की तिने खिसाच कापला. ती तेव्हा बाबांना खूप बोलली. बाबा ऐकून घेत होते. तू जाऊन आठवडा झाला होता.

म्हणजे त्या दिवशी तुझा आवाज पत्र्यासारखा आला. गाणाऱ्या बायकांचा एक शब्द ऐकू येत नव्हता, हे मलाही आठवतं. बाबांनी प्लग काढला. ‘हे आपलं नाही’ ते या आवाजाला म्हणाले असतील. आपला आवाज कसा असतो ते त्यांना माहीत होतं, कारण तो अर्धा त्यांनी केला होता.

किंवा असंही असेल की तीनशे लोकांसमोर मुलगा लांब केस सोडून किंचाळणारी गिटार वाजवतो आहे, आणि त्यांना जे वाटलं तेच ते बोलले. तू जे ऐकलंस तेच. कणीक लावणारा माणूस हेही म्हणू शकतो.

मी त्यांना विचारलं. समोर बसले, हळू बोलले, थेरपिस्टने शिकवलं आहे तसं. ‘बाबा, त्या दिवशी आवाज बिघडला म्हणून प्लग काढलात ना?’

बाबा म्हणाले, ‘बरं.’

मी म्हटलं, ‘की दादाची लाज वाटली म्हणून?’

बाबा म्हणाले, ‘बरं.’

मग मी चहा केला.

तुला आणखी एक सांगायचं आहे. कणीक लावल्यावर मी पहिल्यांदा वाजवलं तेव्हा बाबांचा हात ब्लँकेटवर सुरू झाला, आणि या वेळी थांबला नाही. आवाज लांबून ऐकावा म्हणून मी दाराआड होते, वायर तिथवर पुरते. आई त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, ‘प्रबुद्ध वाजवतोय.’ बाबांनी दाराकडे मान वळवली. पूर्ण वळवली, जेवढी ती महिनोन्‌महिने वळली नव्हती. मी वाजवायची थांबले. आत गेले, गिटार गळ्यात तशीच, आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, ‘बाबा, मी आहे. रचना.’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

मी बरोबर केलं का, हे विचारत नाही.

पहिल्या पत्रात मी बोलावत नाही असं लिहिलं होतं. ते खरं नव्हतं. जयंतीचा कार्यक्रम एकोणीस एप्रिलला आहे, शनिवारी, त्याच हॉलमध्ये. आपण आवाज काढू शकतो. बाबांना व्हीलचेअरवर नेणार आहोत. ये.

मी जानेवारीत टीचर ट्रेनिंग सोडलं. ‘सध्या घरीच असते’ म्हणजे ते. आईला एकटीला त्यांना उचलता येत नाही.

रचना


२१ एप्रिल

दादा,

परवा कार्यक्रम झाला. तू आला नाहीस. पत्रही आलं नाही, म्हणून हे माझं शेवटचं धर. रागाने लिहीत नाही. राग यायला जे लागतं ते माझ्याकडे सध्या नाही.

हॉल तसाच आहे. रेडिएटर अजून एका बाजूचाच चालतो. स्टेजवर डावीकडे तुझ्या कोपऱ्यात या वर्षीही कोणी बसलं नव्हतं. सवयीने सोडतात आता, नवीन मुलांना कारणही माहीत नाही. बाबांची व्हीलचेअर पुढे लावली, पखवाजाच्या जवळ. पखवाज इरावती वाजवते, काकांची नात. बाबांनीच तिला शिकवलं आहे. तिने बाबांसमोर कणीक थापली आणि ‘आजोबा, एवढी?’ म्हणून विचारलं. बाबा म्हणाले, ‘बरं.’ ती हसली आणि थोडी कमी केली.

मी दोन गोळे नेले होते. दुसरा मी स्टेजमागे अ‍ॅम्पला लावला, अंगठ्याने दाबून, दोनदा. पेडल तासभर जाकिटाच्या आत धरून बसले होते. निळं जाकीट. मला खांद्यांत मोठं होतं, पण एक खिसा शिल्लक आहे.

मी वाजवलं. चांगलं वाजवलं नाही. तुझ्या तुकड्यातली तिसरी ओळ माझी दर वेळी घसरते, तिथे घसरलीच. पण गाणाऱ्या बायकांचा शब्द न्‌ शब्द ऐकू येत होता. मी त्यांच्या खालून जात होते, जिथून तू जायचास. बाबांचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर चालू होता. उजवी बाजू इरावती वाजवत होती, स्टेजवर, आणि डावी दोघंही. माझ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. दाराकडे पाहिलं नाही. मी मुद्दाम लक्ष ठेवलं होतं.

खाली उतरल्यावर मला गिटार केसमध्ये ठेववेना. बऱ्याच दिवसांनी काहीतरी झालं.

मग जेवणं झाली, खुर्च्या आवरल्या. कार्यक्रम संपला की कणीक ठेवत नाहीत, वाळली तर पखवाजाची चामड्याची पुडी खराब होते. इरावतीने तिची काढली, मी माझी. अ‍ॅम्प आणि गिटार आता पुढच्या खोलीत असतात, बाबांच्या बेडजवळ. तुला हवे असतील तर कळव, पाठवून देईन. कणीक कशी मळायची ते आईला विचार. नंबर तोच आहे.

एक गोष्ट राहिली. कार्यक्रमाच्या आधी शशिधर काका नावांचा कागद घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, ‘पोरी, लीड गिटारला तुझं नाव लिहिलंय. पण खाली प्रबुद्धची ती ओळ आहे, दर वर्षीची. ती तशीच ठेवू ना?’

मला बाबा दिसत होते. ते मान खाली घालायच्या तयारीत होते, गट्टे नसताना.

मी म्हटलं, ‘नको, काका.’

‘मग त्याच्याबद्दल काय वाचू?’

‘काही वाचू नका.’

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग माझ्याकडचं पेन मागून घेतलं आणि ती ओळ खोडली. स्टेजवर त्यांनी माझं नाव वाचलं आणि कागद घडी करून ठेवला. येऊ शकले नाहीत असं या वर्षी कोणाबद्दलही म्हटलं गेलं नाही.

रचना